आपांची पाच फुटी टाकी

खोली दाखवण्याआधी आपांनी मला बादली उचलायला लावली.

मी धामणगाव रेल्वेची. अकोल्याला एका दवाखान्याच्या औषध दुकानात फार्मासिस्ट म्हणून नुकतीच लागले होते आणि राहायला जागा शोधत होते. कुणीतरी सांगितलं, जुन्या वस्तीत एक निवृत्त शिक्षिका एकट्याच राहतात, त्यांची वरची खोली रिकामी आहे. मी गेले तेव्हा त्या अंगणात मोगऱ्याला पाणी घालत होत्या. उंच, काटकुळ्या, डोक्यावर पांढरी ओढणी, नाकावरून घसरलेला चष्मा. मी कोण, कुठली, लग्न कधी करणार, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. भिंतीशी ठेवलेली काठोकाठ भरलेली बादली दाखवून म्हणाल्या, "हे उचल अन् फाटकापर्यंत जाऊन ये. सांडू देऊ नोको."

मला वाटलं गंमत करताहेत. चेहरा पाहिला तर तसं काही दिसेना. मी बादली उचलली, गेले, परत आले. आपांनी वाकून फरशीवरचे थेंब पाहिले.

"जमन," त्या म्हणाल्या. "घाई नाही करत तू. सामान कधी आणतं?"

या परीक्षेचा अर्थ आत गेल्यावर कळला. बैठकीच्या खोलीत बसायला दोन खुर्च्या होत्या आणि बाकी सगळ्या काचेच्या टाक्या. तीन लहान आणि एक पाच फूट लांबीची अवाढव्य, जाड लोखंडी स्टँडवर. खोलीत हवेच्या पंपांची बारीक घरघर आणि बाहेरच्या उन्हातून आल्यावर एकदम जाणवणारा गारवा. दर आठवड्याला या टाक्यांतलं काही पाणी काढून नवं घालावं लागे, आणि त्या वयात त्यांना एकटीला ते जड जायला लागलं होतं. त्यांना भाडेकरू हवी होती, पण आधी बादली धरता येणारी.

आपांनी सारी नोकरी बाळापूरच्या एका मराठी शाळेत गणित शिकवण्यात काढली होती. लग्न केलं नाही. भाऊ लवकर गेला, त्याच्या मुलाला, इरफानला, त्यांनीच शिकवून मोठा केला. तो त्यांना फुप्पी, म्हणजे आत्या, म्हणायचा आणि आता अमरावतीला असायचा. वर्गात त्या शुद्ध मराठी बोलत असाव्यात, कारण फोनवर अनोळखी माणूस आला की "आपण कोण बोलत आहात?" असं खणखणीत विचारत. घरी मात्र वऱ्हाडी. इरफानशी बोलताना त्यात हिंदी-उर्दू मिसळायची, आणि राग आला की तिन्ही एकदम. त्यांना सगळी गल्ली आपा म्हणायची. मीही तेच म्हणायला लागले.

'बघू' या शब्दाचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. नळ दुरुस्त करणारा म्हणाला, "बघू उद्या जमलं तर," की त्या त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसत. "बघू म्हंजे काय? येतं का नाही येत? नाही येत असशीन तर सांग, मी दुसऱ्याले बोलावतो." तो बिचारा त्याच दिवशी यायचा. मीसुद्धा त्यांच्याकडे राहू लागल्यावर 'बघू' म्हणायचं सोडलं. दवाखान्यातल्या बायका म्हणायच्या, "तू अशी टोकाची कशी बोलायला लागलीस गं?"

पाच फुटी टाकीत एकच मासा होता. ऑस्कर जातीचा, ताटलीएवढा, काळ्या अंगावर नारिंगी डाग, खालचा ओठ पुढे आलेला. आपांनी आणला तेव्हा अंगठ्याएवढा होता म्हणे. दिवसभर तो टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फेऱ्या मारायचा आणि मध्येच थांबून माणसाकडे नाराजीने बघायचा. म्हणून त्याचं नाव हेडमास्तर.

"आमचे हेडमास्तर असेच व्हरांड्यातून फिरत," आपा सांगायच्या. "काही बोलत नव्हते. नुसते पाह्यत. ह्यो तरी बरा, ह्यो माह्या हातचं खाते."

खरंच खायचा. आपा कोळंबी धरलेली बोटं पाण्यात घालायच्या, तो येऊन हलकेच ती काढून घ्यायचा. मी हात घातला की फणकाऱ्याने शेपटी मारून मला भिजवायचा.

अकोल्यात उन्हाळ्यात नळाचं पाणी काही रोज येत नाही. कधी येईल ते मोहल्ल्यातले लोक एकमेकांना ओरडून सांगतात आणि मग जो तो ड्रम, टाक्या, घागरी भरून ठेवतो. अशा गावात काचेच्या टाक्यांत माशांसाठी एवढं पाणी ठेवायचं म्हणजे लोक बोलणारच. शेजारच्या एक काकू तर तोंडावर म्हणायच्या, "आपा, माणसाले प्याले नाही अन् तुमच्या मासोळ्या मजेत पोहून राहिल्या."

"पोहून राहिल्या," आपा शांतपणे म्हणायच्या. "तुमचं धुण्याचं पाणी कुठं जाते? नालीत. माह्या मासोळ्यांचं पाणी मोगऱ्याले जाते, लिंबाले जाते. तुमी मोगरा माह्याकडूनच नेता न?"

काकू मोगरा त्यांच्याकडूनच नेत होत्या.

अशाच एका मे महिन्यात मी दुपारी कामावरून आले, चपला काढून आत पाय टाकला आणि पायपुसणं थबथबीत ओलं लागलं. आपा पाच फुटी टाकीसमोर जमिनीवर बसल्या होत्या. टाकीच्या खालच्या कडेने त्यांनी वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या आणि एकेक पट्टी निरखत होत्या.

"आपा, काय झालं?"

"गळून राहिली. कुठून ते पाह्यतो. जी पट्टी आधी ओली होईन, तिथं भोक."

उजव्या कोपऱ्याची पट्टी ओली झाली. काचा जोडणाऱ्या सिलिकॉनच्या सांध्यातून पाणी थेंब थेंब झिरपत होतं. मी इरफानला फोन लावून स्पीकरवर ठेवला. तो म्हणाला, "फुप्पी, पुराना हो गया वो. फेंक दो. मैं छोटा ला देता हूँ."

"अन् याले कुठं ठेवू? तुह्या छोट्यात तो वळन तरी का?" असं म्हणून आपांनी फोन माझ्याकडे सरकवला. त्यांच्या दृष्टीने बोलणं संपलं होतं.

नळाला पाणी येऊन बरेच दिवस झाले होते, पुढे कधी येईल याचा पत्ता नव्हता. टाकीतलं पाणी फेकून चालणार नव्हतं. आम्ही ते नळीने काढलं आणि घरातल्या प्रत्येक भांड्यात भरलं. पातेली, घागरी, परात, कपडे धुवायचा टब, दोन कुकर. न्हाणीघरापासून बैठकीपर्यंत पाय ठेवायला जागा उरली नाही. राहता राहिला हेडमास्तर. तो मावेल असं भांडं घरात एकच होतं, आमच्या पिण्याच्या पाण्याचा निळा ड्रम.

आपांनी माझ्याकडे पाहिलं. मला कळलं त्या काय विचारताहेत, आणि हेही कळलं की उत्तर काहीही दिलं तरी ड्रम त्याचाच आहे.

"मी दवाखान्यातून प्यायचं पाणी भरून आणते," मी म्हणाले.

"शाबास," त्या म्हणाल्या आणि पिण्याचं पाणी ड्रममधून बाटल्यांत ओतायला लागल्या.

पहिली दुरुस्ती फसली. बाजारात दुकानदाराने आधी बाथरूमचं सिलिकॉन पुढे केलं. आपांनी चष्मा वर करून त्यावरचं बारीक वाचलं आणि परत दिलं, कारण त्यात बुरशी मारायचं औषध होतं आणि ते माशालाही मारतं. योग्य ट्यूब मिळाली, पण घरी येऊन त्यांनी ती जुन्या सिलिकॉनवरच फासली. काच वाळवली, वाट पाहिली, पाणी भरलं, आणि कोपऱ्यातून पुन्हा थेंब. नव्या सिलिकॉनचा पापुद्रा जुन्यावरून सोलून निघत होता.

आपांनी तो पापुद्रा बोटाने ओढून काढला. मग म्हणाल्या, "चूक माह्यी. घाई केली. पोरांले सांगत जावो, आधीचं खोडा मग लिहा, अन् सोता तेच नाही केलं."

त्या रविवारी आम्ही गादी अंथरून, गल्लीतल्या पोरांना हाताशी घेऊन, टाकी तिच्यावर आडवी केली. दाढीच्या ब्लेडने सगळं जुनं सिलिकॉन खरवडायचं होतं, चारही आतल्या कडांवरून, कण न ठेवता. मी खांद्यापर्यंत टाकीच्या आत आणि आपा बाहेरून टॉर्च धरून, "तिथं राहिलं. तिथं. त्याच्या खाली." माझी मान आखडली. जिथे मला सगळं साफ दिसत होतं तिथे त्यांना अजून काही दिसायचं. संध्याकाळी नवं सिलिकॉन भरलं. त्या ओल्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, तो घरभर भरून राहिला. तो वास पुरता जाईपर्यंत टाकीला हात लावायचा नाही असं आपांनी ठरवलं. आम्ही पातेल्यांमधून वाट काढत चहा करत होतो आणि ड्रममधून हेडमास्तर वर तोंड करून आमच्याकडे बघत होता.

शेवटी त्यांनी त्याच पोरांकडून टाकी अंगणात ठेवून घेतली आणि भरायला लावली. खाली कोरडा कागद. आपा सकाळपासून खुर्ची टाकून त्या कागदाकडे बघत बसल्या. मी कामावर गेले, परत आले, त्या तिथेच होत्या. कागद कोरडा होता.

"धरलं," त्या म्हणाल्या. एवढंच. पण आत जाऊन त्यांनी शेवया केल्या, वर सायीचं दूध घातलं, आणि शेजारच्या काकूंनाही वाटी पाठवली.

त्यानंतर दोनेक वर्षांनी आपा पडल्या. बादली घेऊन न्हाणीघरातून येताना पाय घसरला आणि गुडघा गेला. ऑपरेशन अमरावतीला झालं, इरफानने सगळं केलं. बऱ्या होऊन त्या काठी टेकत अकोल्याला परत आल्या तेव्हा तो पाठोपाठ आला आणि माझ्यासमोरच म्हणाला, "फुप्पी, आता बस. तुमी माह्यासंग राहाल. इथं एकट्या नाही."

मला वाटलं मोठं भांडण होणार. आपांनी टाकीकडे पाहिलं.

"येतो," त्या म्हणाल्या. "पण मी एकटी नाही येत. ह्यो येईन, त्याच्या टाकीसंग येईन."

इरफानचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता. तो म्हणाला, बघू.

"बघू नाही," आपा म्हणाल्या.

पाचसहा दिवसांतच आपांनी मला सुट्टी काढायला लावली. त्यांनी पुठ्ठ्याचे खोके फोडून, बांबूच्या काड्या बांधून, नेमक्या टाकीच्या मापाचा एक सांगाडा तयार केला होता. तो घेऊन आम्ही एसटीने अमरावतीला गेलो. कंडक्टरने विचारलं, "काय हाये हे?" आपा म्हणाल्या, "माप."

लिफ्टमध्ये तो सांगाडा मावला नाही, हे आपांना अपेक्षितच होतं. मग आम्ही जिन्याने निघालो. आपांच्या एका हातात काठी, एका हातात सांगाड्याचं पुढचं टोक, मागचं टोक माझ्याकडे. प्रत्येक वळणावर त्या थांबायच्या, सांगाडा तिरका करायच्या, भिंतीला किती बोटं जागा राहते ते बघायच्या. दारं उघडून लोक बघायला लागले. सोसायटीचे अध्यक्ष खालून वर आले.

"मॅडम, एवढा मोठा फिश टँक? वजन किती होईल?"

"भरल्यावर सहाशे किलोच्या वर," आपांनी लगेच सांगितलं.

"स्लॅबचं काय?"

"मागच्या महिन्यात तुमच्याकडे साखरपुडा झाला म्हणे. हॉलमध्ये किती लोक नाचले?"

अध्यक्ष हसले, पण हटले नाहीत. आपांनाही त्यांना नुसतं गप्प करायचं नव्हतं. त्यांनी इरफानला सांगून एक इंजिनिअर बोलावला. त्याने हॉलमध्ये फिरून, भिंतीच्या कडेला बीम नेमकं कुठून गेलंय ते दाखवलं. टाकी आडवी मधोमध न ठेवता भिंतीला लागून, बीमवर ठेवली तर चालेल म्हणाला. लहान टाक्या मात्र आणखी आणू नका. आपांनी मान हलवली. सांगाडा त्या जागी ठेवला.

तिथे तेव्हा सोफा होता.

इरफानची बायको, निलोफर, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सांगाड्याकडे पाहिलं, सोफ्याकडे पाहिलं. ती एका शाळेत शिकवायची, दमून आली होती. चहा ठेवताना कपबशांचा आवाज जरा जास्त झाला. परतीच्या एसटीत आपा खिडकीशी बसल्या होत्या. बडनेरा मागे पडल्यावर म्हणाल्या, "पोरगी वाईट नाही. तिच्या घरात मी सहाशे किलो आणून राहिली. माह्यं वजन धरून जरा जास्तच."

तीन लहान टाक्या देऊन टाकायच्या होत्या. एक त्यांच्या बाळापूरच्या शाळेत गेली. एक गल्लीतल्या केश कर्तनालयात. तिसरी माझ्या वाट्याला आली, मी नको नको म्हणत असताना. दिल्यानंतर आपा न सांगता तपासणीला जायच्या. न्हाव्याने एकदा पाणी गढूळ होऊ दिलं, तर आपा गिऱ्हाइकांच्या रांगेत खुर्चीवर बसून राहिल्या आणि त्याला पाणी बदलायला लावलं. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने बसलं होतं.

जायच्या दिवशी पहाटेच टेम्पो आला. टाकी उचलायला आपांनी जिनिंगमधले हमाल बोलावले होते. कापसाच्या गठाणी उचलणारी माणसं, त्यांचे मुकादम गजाननभाऊ. आपांनी त्यांना आधी टाकीभोवती उभं करून समजावलं. काचेच्या वरच्या कडेला धरून उचलायचं नाही, तळाखाली हात घालायचे. चारही कोपरे एकदम. आत थेंबभरही पाणी नाही. गजाननभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आपा, आमी नवरी उचलल्यासारखी उचलतो." आणि तशीच उचलली.

हेडमास्तर निळ्या ड्रममध्ये, अर्धं पाणी, झाकणाला भोकं, आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप. प्रवासात पाणी घाण होऊ नये म्हणून आदल्या दिवशी त्याला खायला दिलं नव्हतं. त्याच्या टाकीतल्या गाळणीचा स्पंज, पाणी साफ ठेवणारे त्यातले जंतू जगावेत म्हणून, ओलाच पिशवीत ठेवला होता. आपा पुढे ड्रायव्हरशेजारी, मी आणि हमाल मागे.

मूर्तिजापूरच्या पुढे मला जाणवलं की पंपाचा आवाज येत नाही. मी ठोकून पाहिलं, बॅटऱ्या बदलल्या. बंद. झाकण काढलं तर हेडमास्तर पाण्याच्या वरच्या थरात तोंड उघडून हवा गिळत होता. मी ड्रायव्हरला थांबवलं. ऊन चढायला लागलं होतं.

आपा उतरल्या, ड्रममध्ये एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "मले वर घ्या."

"आपा, तुमचा गुडघा," मी म्हणाले.

"गजानन, उचल मले. गठाण समज अन् उचल."

गजाननभाऊंनी त्यांना अलगद मागे चढवलं. आपांनी बरोबर आणलेला तांब्या हातात घेतला आणि ड्रममधलं पाणी भरून उंचावरून परत ड्रममध्येच ओतायला सुरुवात केली. वरून पडणाऱ्या पाण्याबरोबर हवा आत जाते. तांब्या भरायचा, उंच न्यायचा, ओतायचा. टेम्पो चालू झाला, धक्के बसू लागले, निम्मं पाणी आमच्या अंगावर. त्या थांबेनात. त्यांचा हात भरून आला तेव्हा मी तांब्या घेतला, माझा दुखायला लागला तेव्हा गजाननभाऊंनी. आपा प्रत्येक वेळी थोडा दम खाऊन मग परत मागायच्या.

"मोठा दम काढला याने," गजाननभाऊ म्हणाले.

"अजून काढीन," आपा म्हणाल्या. "बाळापूरच्या पोरांचा हेडमास्तर हाये."

बडनेऱ्याला गाडीचा वेग कमी झाला तेव्हा हेडमास्तर ड्रमच्या तळाशी गेला होता आणि कल्ले हलवत उभा होता. आपांचे कपडे कोपरापर्यंत भिजले होते, ओढणी खांद्यावर आली होती. त्यांनी ती सावरली आणि म्हणाल्या, "आता जिना."

जिन्यात एक चूक निघाली. सांगाडा वळला होता, पण सांगाड्याला चार माणसांची कोपरं नव्हती. पहिल्या मजल्याच्या वळणावर हमाल भिंत आणि कठडा यांच्यामध्ये अडकले. टाकी ना वर जाईना ना खाली. आपा वरच्या पायरीवर काठी टेकून उभ्या होत्या. "उभी नका करू. काही झालं तरी उभी नका करू, सांधे सुटतीन."  मग गजाननभाऊ म्हणाले, "कठड्यावरून न्यावं का?" आपांनी मनातल्या मनात माप घेतलं आणि म्हणाल्या, "न्या. पण खाली दोघं उभे राहा." दोघे वरच्या पायऱ्यांवर, दोघे खालच्या, आणि टाकी कठड्याच्या वरून तरंगत गेल्यासारखी वळली. अध्यक्षांनी नकळत खालून हात लावला होता.

दुपारपर्यंत टाकी भिंतीशी, बीमवर, थर्माकोलच्या शीटवर बसली. आपांनी पाण्याच्या पातळीने ती सरळ आहे का ते पाहिलं. कॅनमधून आणलेलं थोडं जुनं पाणी, बाकी नवं. मग सलाइनची नळी लावून टाकीतलं पाणी थेंब थेंब ड्रममध्ये सोडलं, त्याला सवय व्हावी म्हणून. ती नळी माझं योगदान. शेवटी हेडमास्तरला आत सोडलं.

तो सरळ तळाशी गेला आणि कुशीवर आडवा पडला.

इरफान पुढे आला. जवळ वाकून बघत हळूच म्हणाला, "फुप्पी... वो गया."

"कल्ले हलून राहिले," आपा म्हणाल्या. "दिसत नाही का तुले? रुसला तो."

ऑस्कर असे रुसतात, जागा बदलली की आडवे पडतात, हे नंतर मीही वाचलं. त्या दिवशी मात्र तो मेलेल्यासारखाच दिसत होता. आपा टाकीसमोर जमिनीवर बसल्या, ऑपरेशन झालेला पाय लांब करून. निलोफरने ताट आणलं. "नोको बेटा. हा खाईन तेव्हा." संध्याकाळी परत आणलं. "नोको." त्यांची ट्रंक दाराशी होती तशीच होती, कुलूपसुद्धा काढलेलं नव्हतं. मी रात्री तिथेच राहिले. सकाळी उठून पाहिलं तर आपा तिथेच, मासा तसाच, आणि दोघांचंही तोंड भिंतीकडे.

इरफान कामावर गेला. मला दुपारी अकोल्याला निघायचं होतं, पण आपांना अशा सोडून कशी निघणार? त्या भांडत नव्हत्या, हुकूम सोडत नव्हत्या. विचारलं तर "ठीक हाये" म्हणत. ते ऐकून मला जास्त भीती वाटली.

निलोफर शाळेतून आली, पर्स ठेवली आणि आपांच्या शेजारी जमिनीवर येऊन बसली.  मग तिने विचारलं, "फुप्पी, अकोल्याच्या घरी त्याची खोली कशी होती?"

आपा म्हणाल्या, "कशी म्हंजे?"

"उजेड होता का एवढा?"

आपांनी वर पाहिलं. हॉलला बाल्कनीचं मोठं सरकतं दार होतं, दुपारचं ऊन थेट टाकीवर येत होतं. बाल्कनीत शेजारची मुलं खेळत होती, त्यांच्या सावल्या काचेवरून पळत होत्या. अकोल्याची बैठक मधली खोली होती, तिथे दिवसासुद्धा दिवा लावावा लागे. एवढ्या मापामोजणीत हे आपांच्या लक्षातच आलं नव्हतं.

निलोफर उठली. आत जाऊन आपल्या दोन जाड ओढण्या आणल्या, एक हिरवी, एक मेंदी रंगाची, आणि टाकीच्या समोरच्या आणि बाजूच्या काचेवर चिकटपट्टीने लावल्या. वर फक्त बोटभर फट ठेवली. मग पडदे ओढले. हॉल अंधारला.

"तुमी चहा घ्या," ती म्हणाली. "त्याच्याकडे पाहू नका. आपल्याकडे कोणी टक लावून पाह्यलं तर आपण तरी उठू का?"

आपांनी तिच्याकडे पाहिलं, मग उठल्या. मी हात द्यायला गेले, त्यांनी निलोफरचा हात धरला होता. आम्ही तिघी स्वयंपाकघरात चहा प्यायलो. निलोफरच्या वर्गातल्या पोरांना अपूर्णांक का कळत नाहीत यावर बोलणं निघालं आणि आपा नकळत टेबलावर पोळीचे तुकडे मांडून समजावायला लागल्या.

बाहेर पाण्याचा 'छपक्' असा आवाज झाला.

फटीतून पाहिलं तर हेडमास्तर उभा होता. टाकीच्या मधोमध, खालचा ओठ पुढे काढून, नव्या घराकडे नाराजीने बघत. आपांनी पाण्यात बोटं धरली. तो आला नाही. पुन्हा धरली. तो जरा पुढे आला, थांबला, आणि कोळंबी ओढून घेऊन मागे गेला.

आपा ओला हात तसाच धरून उभ्या राहिल्या. मग निलोफरला म्हणाल्या, "वाढ मले. अन् ट्रंकेची किल्ली माह्या पर्समध्ये हाये, काढ."

मी दुपारऐवजी संध्याकाळच्या गाडीने निघाले.

आता आपांचा फोन दर रविवारी येतो. माझ्या टाकीची चौकशी आधी, माझी नंतर. मागच्या रविवारी मात्र पहिल्या वाक्यापासून तक्रार सुरू झाली. सोफा नव्याने कसा ठेवायचा यावर निलोफरने त्यांचं ऐकलं नव्हतं. ओढण्या आता रोज संध्याकाळी ती काढते, सकाळी लावते, कुणाला हात लावू देत नाही. आणि हेडमास्तरला ती दिवसातून दोनदा खाऊ घालते, आपांनी नाही म्हटलं तरी.

"लय जिद्दी हाये," आपा म्हणाल्या. "म्या सांगितलं, एवढं नाही द्यायचं त्याले. तर म्हणते, माह्या घरात जो राहीन तो पोटभर खाईन."

"मग?" मी विचारलं.

"मग काय," आपा म्हणाल्या. "खाऊन राहिलो आमी दोघंबी."